एलडीएल ९६ आलं म्हणून

सांगली, रविवार

प्रिय अमोल,


तू पाठवलेले रिपोर्ट पाहिले. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर, आणि खाली तुझा निरोप: "एलडीएल ९६, म्हणजे नॉर्मल. मी पीतही नाही. मावशी, काळजी करू नकोस." काळजी वाटली म्हणूनच लिहायला बसले.

एकतीस वर्षं मी लॅबमध्ये रक्त तपासलं. उपाशीपोटी घेतलेलं रक्त मशीनमध्ये फिरवलं की वर फिकट पिवळं, पारदर्शक सीरम येतं. काहींचं मात्र गढूळ यायचं, कधी तर दुधात पाणी मिसळल्यासारखं. ट्रायग्लिसराइड फार वाढलं की तसं होतं. तुझं २४० आहे, म्हणजे तितकं गढूळ दिसणार नाही. पण १५०च्या आत हवं ते २४० आहे आणि एचडीएल, जे पुरुषाला ४०च्या वर हवं, ते ३४. फॅटी लिव्हरच्या माणसाच्या रक्तात हीच जोडी पुन्हा पुन्हा सापडते. एलडीएलचा आकडा साधा दिसतो, पण त्याचे कण अनेकदा बारीक आणि दाट झालेले असतात. असे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात, आणि ते नेहमीच्या रिपोर्टात दिसत नाही.

तुझं ९६ बहुधा मोजलेलंही नाही, ते वजाबाकीचं आहे. एकूण कोलेस्टेरॉल १७८, त्यातून एचडीएल ३४ आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग ४८ काढला की ९६ उरतात. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असलं की हा हिशेब एलडीएल कमी दाखवतो. त्यापेक्षा १७८ मधून नुसतं ३४ वजा कर. १४४ येतात. हे नॉन-एचडीएल, आणि ते साधारण १३०च्या आत हवं. तू हा आकडा धर.

"पीत नाही" म्हणतोस ते खरं आहे, मला माहीत आहे. पण इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की पोटावरची चरबी सुटून यकृताकडे जाते, आणि साखर-पिठापासून यकृत स्वतःही चरबी बनवतं. साठवून जास्त झालेली ते रक्तात सोडतं, तेच तुझं २४०. २०२३ मध्ये तर तज्ज्ञांनी या आजाराच्या नावातून दारूचा उल्लेखच काढला आणि चयापचयाचा घातला.

तू तूप बंद केलंस. चहा मात्र दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, सोबत बिस्किटं, आणि चतुर्थीला साबुदाण्याची ताटभर खिचडी. मला विचारशील तर साखर आधी बंद व्हायला हवी होती.

"मी जाड कुठे आहे?" असंही म्हणशील. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. बीएमआय दोघांचा २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपली चरबी वजनकाट्यावर कळत नाही रे. कमरेला टेप लाव. आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटीमीटर ही हद्द. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर यकृताची सूजही उतरू शकते. तुझ्या ७८ किलोंतले साडेपाच ते आठ किलो, सावकाश, सहा-आठ महिन्यांत.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहिलं ते. डॉक्टरांनी लिहून दिलेली, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी "लिव्हर खराब होईल" असं कुणीतरी सांगितलं म्हणून तू घेत नाहीस, हे मला तुझ्या आईकडून कळलं. एसजीपीटी, म्हणजे यकृताचं एन्झाइम, थोडं वाढलेलं असलं तरी फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन चालतं. सिरोसिस बळावलेल्याची गोष्ट निराळी, तू तिथे नाहीस. फॅटी लिव्हरच्या रुग्णांचे सर्वाधिक मृत्यू यकृताने होत नाहीत, हृदयविकाराने होतात. तुझे बाबा चोपन्नाव्या वर्षी गेले. त्या रात्री तुझ्या आईजवळ मी होते.

शंका असेल तर डॉक्टरांना विचार, शेजाऱ्यांना नको. यकृत किती कडक झालंय ते पाहणाऱ्या फायब्रोस्कॅनची गरज आहे का आणि थायरॉईड तपासायचं का, हेही त्यांनाच विचार. तीन महिन्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल कर, रात्रीच्या जेवणानंतर बारा तास उपाशी राहून, आणि रिपोर्टचं पूर्ण पान मला पाठव. गोळी आज रात्रीपासून सुरू कर, अमोल.

तुझी,
मावशी