पूर कोणाच्या पापामुळे?

2020 साली ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, ही गोष्ट ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज व गडचिरोली ह्या भागांतील वाचकांस नव्याने सांगावयास नको. वर मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, संजय सरोवराचे पाणी सोडण्यात आले, गोसीखुर्द धरणाचे सर्व 33 दरवाजे उघडावे लागले, आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी मी काठावरील एका लहानशा मंडळीस भेट देण्यास गेलो. धानाच्या बांध्यांवर गाळ बसला होता. मातीच्या भिंती खचल्या होत्या. कोठीतील दाणे कुजून त्यांचा वास सुटला होता. त्या दिवशीच्या उपासनेत मी नोहाच्या जलप्रलयावर उपदेश केला, आणि असे प्रसंग पाहून मनुष्याने आपल्या पापांविषयी सावध व्हावे, असे नेहमीच्या रीतीप्रमाणे सांगितले.

उपासना आटोपल्यावर एक वृद्ध विधवा माझ्याजवळ आली. तिचे घर गेले होते. ती म्हणाली, "पाळकसाहेब, त्या दिवशी आमच्या गावावर पाऊससुद्धा नव्हता जी. पाणी वरून आलं. मग पाप आमचं काऊन?"

मी "प्रार्थना करू या, आजी," एवढेच म्हणालो. तिच्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते, आणि प्रार्थनेच्या आड मी माझे अज्ञान लपविले, हे येथे कबूल करणे भाग आहे. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनात घोळत आहे, व त्याविषयी जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम हे पाहू की, ज्याच्यावर संकट येते तोच अधिक पापी, ही समजूत फार जुनी आहे. ईयोबाच्या मित्रांची ती होती, आणि देवाने त्यांची कानउघाडणी केली. जन्मांध मनुष्याकडे पाहून शिष्यांनी प्रभूस हाच प्रश्न केला. लूककृत शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याची वार्ता आहे. ती माणसे यरुशलेमातील इतर रहिवाशांहून अधिक दोषी होती काय, असे विचारून प्रभू स्वतःच स्पष्ट नकार देतो. पण तो तेथेच थांबत नाही. जे वाचले त्यांना तो पश्चात्ताप करावयास सांगतो. म्हणजे प्रभू मेलेल्यांच्या दोषाचा हिशेब बंद करतो आणि जिवंतांचा उघडतो. मी माझ्या उपदेशात नेमके ह्याच्या उलट केले होते. ज्यांचे घर वाहून गेले त्यांनाच मी पश्चात्तापाचा उपदेश केला, आणि कोरड्या जमिनीवर राहणारा मी मात्र मोकळा राहिलो.

आता कोणी म्हणेल की, पूर व अवर्षण ही सृष्टीची नित्याची गोष्ट आहे, त्यांत पापाचा विचार कशास? ह्या म्हणण्यात काही तथ्य आहे. 1896-97 व 1899-1900 ह्या सालच्या दुष्काळांनी जुन्या मध्यप्रांतात केवढा हाहाकार माजविला, हे आपल्या वडिलांच्या तोंडून अनेकांनी ऐकिले असेल. आमच्या नद्या हिमालयातून येत नाहीत. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, वर्धा सातपुड्यात, इंद्रावती ओडिशात. सर्व पावसाच्या पाण्यावर जगतात आणि पाऊस आज कमी तर उद्या अधिक होणारच.

तथापि अलीकडच्या काळात ह्या कमी-अधिकपणाचा तोल बिघडला आहे. कोळसा व तेल जाळल्याने जो वायू हवेत मिसळतो तो सूर्याची उष्णता पृथ्वीपाशी अडवून धरतो. पूर्वी ह्या वायूचे प्रमाण हवेच्या दहा लक्ष भागांत सुमारे 280 असे. 1958 साली हवाई बेटावर नियमित मापन सुरू झाले तेव्हा ते 315 च्या आसपास होते. आज ते 420 च्या पुढे गेले आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक वाफ धारण करू शकते. समुद्रही तापतो व अधिक वाफ देतो. अशी भरलेली हवा जेव्हा रिती होते तेव्हा चार दिवसांचा पाऊस एका रात्री कोसळतो, आणि मधले दिवस कोरडे जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, 1950 ते 2015 ह्या काळात मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले. हिमालयातील हिमनद्या 2011 ते 2020 ह्या दशकात आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के अधिक वेगाने घटल्या. ते बर्फ आमच्या नदीत उतरत नसले, तरी जी उष्णता तेथे बर्फ वितळविते तीच येथे 2019 च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 47 अंशांवर नेण्यास हातभार लावते. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया पहाटेच रानात जातात, कारण दुपारी उभे राहवत नाही. अवेळी पाऊस आला की वेचावयाचा मोह झाडाखालीच सडतो.

येथे एक सावधगिरी पाहिजे. अमुक एक पूर ह्याच कारणाने आला, असे ठामपणे म्हणू नये. मद्यपी मनुष्य एके दिवशी ठेच लागून पडला, तर ती ठेच मद्याचीच होती असे सांगता येत नाही. पण तो आठवड्यास तीनदा पडू लागला तर कारण सांगावयास वैद्य बोलवावा लागत नाही. 2022 च्या जुलैत गोदावरी-प्राणहितेच्या पुराने सिरोंचा तालुक्यातील गावे बुडाली. भामरागड तर पावसाळ्यात पुनःपुन्हा जगापासून तुटते. धरणे व बंधारे कसे चालविले जातात, नदीच्या पात्रात कोणी काय बांधिले, हीही कारणे त्यांत मिसळलेली असतात. परंतु पडण्याची संख्या वाढत आहे, हे नाकारता येत नाही.

तर मग दोष कोणाचा? ह्या प्रश्नी मला निर्गमाच्या 21 व्या अध्यायातील मारक्या बैलाचा नियम फार उपयोगी पडला. शेतकऱ्यास तो तेव्हाच कळेल. बैलाने कोणास शिंग मारून ठार केले, आणि तो मारका आहे हे धन्यास ठाऊक नव्हते, तर धनी निर्दोष ठरे. पण बैल पूर्वीपासून मारका असून, लोकांनी धन्यास तसे बजाविले असता त्याने त्यास बांधून ठेविले नाही, तर त्या मनुष्याच्या मरणाचा दोष धन्यावर येई. बैल तोच, शिंग तेच. फरक फक्त बजाविल्याचा आहे.

आता हा नियम कोळशाला लावून पाहा. 1870 च्या दशकात वरोऱ्याची खाण चालू झाली तेव्हा तिच्या धुरापासून पाऊस बिघडेल हे कोणास ठाऊक होते? 1896 साली, म्हणजे आमच्या प्रांतात दुष्काळ पडू लागला त्याच वर्षी, स्वीडन देशातील स्वांते आर्हेनियस ह्या शास्त्रज्ञाने कोळशाच्या वायूने पृथ्वी तापते ह्याचा हिशेब मांडिला. पण त्यासही हे संकट वाटले नाही, कारण थंड देशाच्या रहिवाशास ऊब हवीशीच वाटते. त्या पिढ्यांस दोष देणे न्यायाचे होणार नाही. परंतु 1992 साली रिओ येथे जगातील राष्ट्रांनी एकत्र जमून हवामानाच्या ह्या धोक्याविषयी करार केला. त्या दिवसापासून धन्यास कळलेले नव्हते, असे कोणास म्हणता येत नाही. बैल मारका आहे, हे साऱ्या गावाने त्याच्या दारात जाऊन सांगितले. त्यानंतरही दावे सोडूनच ठेविले आहे.

हा धनी कोण? सर्वांनी सारखाच अपराध केला, असे म्हणणे सोपे आहे, पण ते असत्य आहे. श्रीमंत राष्ट्रांनी शंभर-दीडशे वर्षे अमाप इंधन जाळिले. एका भारतीय मनुष्याच्या वाट्याचा धूर आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि एटापल्लीच्या रानातील माडिया कुटुंबाचा तर नाममात्रच. ज्यास अधिक दिले त्याजकडून अधिक मागितले जाईल, हे प्रभूचे मोजमाप येथेही लागू आहे.

तरीपण आपण आपले अंगण तपासल्यावाचून उठू नये. चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथील महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. तेथे रात्रंदिवस कोळसा जळतो. आमच्या मंडळ्यांतील कित्येक बांधव खाणीत व केंद्रात राबून लेकराबाळांचे पोट भरतात. त्यांस मी दोषी म्हणणार नाही. ते बैलाचे गुराखी आहेत, धनी नव्हेत, आणि उद्या खाण बंद झाली तर त्यांच्या भाकरीची व्यवस्था आधी लागली पाहिजे. परंतु त्या विजेवर ज्यांच्या घरांत गारवा खेळतो, त्यांनी आपण त्या बैलाच्या कष्टाचे धान्य खातो हे विसरू नये. आमच्या मंदिरातील पंखेही त्याच विजेवर फिरतात. त्यांच्याच वाऱ्यात बसून मी कितीदा तरी उपदेश तयार केला आहे.

काही विश्वासू बांधव मला म्हणतात, "देवाने मेघात धनुष्य ठेवून पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश करणार नाही असे वचन दिले आहे, मग भय कशाचे?" बंधूंनो, ते वचन देवाने स्वतःवर घातलेले बंधन आहे. ते मनुष्याच्या हाती दिलेला परवाना नव्हे. बापाने "मी लेकरास मारणार नाही" अशी शपथ घेतली, म्हणून थोरल्या भावाने धाकट्यास विहिरीत ढकलावे काय?

मग मंडळीने काय करावे? अनुवादाच्या 22 व्या अध्यायात नव्या घराच्या धाब्यास कठडा बांधण्याची आज्ञा आहे, जेणेकरून कोणी पडून मेल्यास घरावर रक्ताचा दोष येऊ नये. आम्हांसही काही कठडे बांधता येतील. गोंड राजांच्या काळापासून ह्या प्रदेशात तलाव बांधिले गेले. कोहळी लोकांचे त्या कामी कौशल्य प्रसिद्ध आहे. आज त्यांस माजी मालगुजारी अथवा मामा तलाव म्हणतात. 1950 च्या सुमारास मालगुजारी गेली, आणि कित्येक तलाव गाळाने भरले. त्यांतील गाळ काढला तर अतिवृष्टीचे पाणी थोपेल व कोरड्या दिवसांत धानास मिळेल. ह्या श्रमदानात मंडळीने जात-धर्म न पाहता पुढे व्हावे. मेंढा-लेखा गावाने 2009 साली आपल्या वनावर सामूहिक हक्क मिळविला. तसे राखलेले रान पाणी जिरविते व धुराचा वायूही शोषून घेते. उंचवट्यावर जे मंदिर असेल त्याची किल्ली पावसाळ्यात गावास ठाऊक असावी. नदीच्या वरच्या अंगास राहणाऱ्या मंडळीने पाणी वाढताच खालच्या मंडळीस फोन करावा. रात्री दोन वाजता केला तरी चालेल. आणि मंडळीतील सुशिक्षितांनी अधिकाऱ्यांस व निवडून दिलेल्यांस नम्रपणे पण वारंवार विचारावे की, बैल कधी बांधणार?

आमच्या तलावाने पृथ्वीची उष्णता कमी होणार नाही, हे मी जाणतो. पण शेजाऱ्याविषयीचे माझे कर्तव्य माझ्या यशावर अवलंबून नाही. शोमरोनी मनुष्याने यरीहोच्या वाटेवरील सर्व लुटारू पकडले नाहीत. त्याने एका जखमीस उचलले.

ती वृद्ध भगिनी पुढे प्रभूपाशी गेली. तिला द्यावयाचे उत्तर मला उशिरा सापडले. ते असे: "आजी, हे पाप तुमचे नव्हते. त्यातला थोडा वाटा माझा होता, पुष्कळसा वाटा दूरच्या मोठ्या लोकांचा होता, आणि पाणी मात्र तुमच्या घरात आले. मला क्षमा करा." येत्या कापणीच्या उपासनेत नदीकाठच्या मंडळीपुढे मी पुन्हा उभा राहीन, तेव्हा पश्चात्तापाची प्रार्थना प्रथम माझ्या नावाने सुरू करण्याचा माझा निश्चय आहे. वाचकांनीही आपापल्या ठिकाणी तसेच करावे, अशी माझी विनंती आहे.