धातूचा तुकडा बंदूक कधी होतो?

यंत्राचं बटण गिऱ्हाइकानं दाबलं, तर वस्तू कुणी बनवली? कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत एका वर्कशॉपवाल्याच्या बाबतीत हा प्रश्न खरोखरच उभा राहिला होता. एआर-१५ रायफलीचा खालचा सांगाडा, म्हणजे ट्रिगर आणि मॅगझिन ज्यात बसतं तो भाग, त्याच्याकडे अर्धवट कोरलेला असे. गिऱ्हाईक येई, सीएनसी मशीनचं बटण दाबी आणि उरलेलं काम मशीन पुरं करी. अमेरिकेचा केंद्रीय कायदा स्वतःपुरती बंदूक घरी बनवायला परवाना मागत नाही. विकण्यासाठी बनवायची, तर मात्र परवाना लागतो. बटणावरचं बोट गिऱ्हाइकाचं, म्हणजे बनवणाराही गिऱ्हाईकच, असा या व्यवस्थेमागचा हिशेब. एटीएफ या शस्त्रनियंत्रण खात्यानं २०१५ च्या जानेवारीत एक निर्णय काढून हा हिशेब मोडीत काढला. धंदा म्हणून आपली यंत्रं अशा कामाला देणारा माणूस हाच उत्पादक, असं त्यात म्हटलं होतं.

वर्कशॉपवाल्यावरचा खटला मात्र भलत्याच ठिकाणी अडला. १९६८ च्या कायद्यानं बंदुकीच्या सगळ्या सुट्या भागांतून एकच भाग निवडून त्यालाच ‘बंदूक’ ठरवलं होतं. तो भाग म्हणजे फ्रेम किंवा रिसीव्हर. नंबर त्याच्यावर ठोकायचा, खरेदी-विक्रीची नोंद त्याची ठेवायची. नळी, स्प्रिंग, दस्ता ही नुसती सामग्री. हॅमर, बोल्ट आणि फायरिंगची यंत्रणा ज्यात सामावते आणि नळी बसवायला ज्याला पुढे आटे असतात तो रिसीव्हर, अशी व्याख्या नियमांत होती. पण एआर-१५ चा सांगाडा दोन तुकड्यांचा आहे. हॅमर खालच्या तुकड्यात आणि बोल्ट वरच्या, नळीही वरच्याच तुकड्याला. व्याख्या एकालाही पुरती लागू होईना. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी आपलं प्राथमिक मत मांडलं की नुसता खालचा तुकडा या व्याख्येत बसत नाही. ते मत अंतिम निकालात उतरण्याआधीच सरकारी पक्षानं तडजोड केली. देशातल्या सर्वांत खपाऊ रायफलीत, नियमाच्या शब्दांप्रमाणे पाहिलं तर, ‘बंदूक’ म्हणावा असा एकही तुकडा नव्हता.

नागसेनाला हे ऐकून आश्चर्य वाटलं नसतं. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद रथात बसून भिक्षू नागसेनाला भेटायला येतो आणि नागसेन त्याला त्या रथाबद्दलच विचारतो. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? यांतलं काहीच नाही, मग या सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ का? तेही नाही. सगळे भाग एका विशिष्ट रीतीनं एकत्र आले की त्यांवर अवलंबून ‘रथ’ हा व्यवहार चालतो. रथ नावाची वेगळी वस्तू आत कुठे लपलेली नसते, हे राजाला मान्य करावं लागतं.

भिक्षूला तिथं थांबता येतं. राज्याला थांबता येत नाही. कुठल्या दिवशी, कितव्या छिद्रानंतर गुन्हा घडला, हे त्याला आरोपपत्रात लिहावं लागतं. अमेरिकेतल्या हौशी लोकांत ‘८० टक्के’ हा शब्दप्रयोग रुळला तो या गरजेतूनच. काही छिद्रं आणि खाचा बाकी ठेवलेला धातूचा वा पॉलिमरचा ठोकळा हा बंदूक नव्हे, तेव्हा तो कुणीही कुणालाही पोस्टानं पाठवावा, असं हा व्यापार सांगत आला. ८० टक्के ही मोजणी कुठल्याही कायद्यात नाही. दरम्यान वेगवेगळ्या राज्यांनी आपापल्या रेषा आखल्या. कॅलिफोर्नियात जुलै २०१८ पासून घरी बंदूक बनवण्याआधी सरकारकडून नंबर घ्यावा लागतो. त्यामुळे एका राज्यात रविवारचा छंद असलेलं काम राज्याची सीमा ओलांडली की गुन्हा ठरू शकतं.

२०२२ मध्ये एटीएफनं नियम बदलले. जुळणीसाठी लागणारं सगळं ज्यात आहे असा संच आणि थोड्याशा कामानं पुरी होणारी फ्रेम याही बंदुकीच्याच हिशेबात धरल्या. त्याला आव्हान मिळालं. २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बॉन्डी विरुद्ध व्हॅनडरस्टॉक या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी तो नियम उचलून धरला. निकालपत्र न्यायमूर्ती गॉर्सच यांचं. ते पुरतं तत्त्वज्ञानाच्या वर्गातलं आहे. माणसानं एखाद्या कामासाठी घडवलेली वस्तू अपुरी असतानाही तीच वस्तू मानली जाते का, हा त्यात प्रश्न आहे. लेखक आपल्या अपुऱ्या हस्तलिखिताला कादंबरी म्हणतो. दुकानातून खोक्यात आणलेल्या, अजून जोडायच्या टेबलाला लोक टेबलच म्हणतात. साध्या हत्यारांनी अर्ध्या तासाच्या आत जो संच गोळी झाडू लागतो, त्याला बंदूक म्हणायला हरकत कोणती? मात्र प्रत्येक संच आणि प्रत्येक ठोकळा असाच ठरेल, असं न्यायालयानं म्हटलेलं नाही. पुढची रेषा पुढच्या खटल्यावर सोडली आहे.

या निकालाची दिशा योग्यच आहे. पण तो वस्तूकडेच पाहतो, घडवणाऱ्याकडे नाही. घडवणाऱ्याचा विचार ज्यांनी फार बारकाईनं केला, त्यांची परंपरा महाराष्ट्रात जिवंत आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांत दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’चे दहा अध्याय वाचले जातात. त्यातल्या सहाव्या अध्यायात कर्म माणसाला कसं येऊन चिकटतं, याचा हिशेब आहे. हिंसेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: मनात योजणं हा संरंभ, साधनं जमवणं हा समारंभ आणि प्रत्यक्ष सुरुवात हा आरंभ. यांतली प्रत्येक मनानं, वाचेनं किंवा कायेनं घडते. ती स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवून घेतलेली किंवा नुसती अनुमोदलेली असते आणि तिच्यामागं क्रोध, मान, माया, लोभ यांपैकी काही असतं. गुणाकार केला की १०८ प्रकार होतात. ऑरेंज काउंटीच्या त्या बटणाला या कोष्टकात तयार जागा आहे. बोट कुणाचंही असो, करवून घेणाराही कर्त्याइतकाच हिशेबात येतो आणि बाजूला उभं राहून मान डोलावणाराही सुटत नाही.

याहून नेमकी गोष्ट बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त सापडते. गृहस्थाच्या दोषांमध्ये त्यांनी संयुक्ताधिकरणत्व हा एक दोष गणला आहे. इजा करू शकणारी साधनं जोडून, वापराला सज्ज ठेवणं, असा त्याचा अर्थ. उखळाशी मुसळ, नांगराला फाळ, धनुष्याशी बाण. त्यामागचं कारण फार व्यवहारी आहे. सज्ज साधन मागायला कुणी आला तर त्याला नाही म्हणणं अवघड जातं. सुटं असेल तर नकार देता येतो. भाग आणि जोडणी यांच्यामधल्या त्या मोकळ्या जागेत माणसाला ‘नको’ म्हणायची संधी उरते, हे त्या आचार्यांनी ओळखलं होतं. ‘८० टक्के’वाल्या व्यापारानं नेमकी हीच जागा जितकी अरुंद करता येईल तितकी केली.

अमेरिकी न्यायालयापुढं १९९२ मध्ये जवळजवळ हाच प्रश्न आला होता. थॉम्पसन सेंटर आर्म्स या कंपनीनं एक पिस्तूल आणि त्याची लांब नळीची कार्बाइन बनवण्याचा संच एकत्र विकायला काढला. त्याच तुकड्यांतून आखूड नळीची रायफलही जोडता येत होती आणि तिच्यावर १९३४ च्या कायद्याचा २०० डॉलर कर होता. कंपनीनं एका नगाचा कर भरला आणि तो परत मिळावा म्हणून दावा लावला. कंपनी जिंकली. त्या तुकड्यांचा कायदेशीर उपयोगही होता, कायदा संदिग्ध होता आणि अशा कायद्यात फौजदारी शिक्षाही असेल तर संदेहाचा फायदा नागरिकाला द्यायचा, असं न्यायालय म्हणालं.

दुसरं टोक फ्लोरिडात दिसलं. पोलादाच्या पातळ कार्डावर काही रेषा कोरलेल्या होत्या. त्या रेषांवरून कापलं तर रायफल स्वयंचलित करणारा भाग निघेल, असा सरकारी पक्षाचा दावा. रायफल मशीनगन करण्यासाठी घडवलेला भाग अमेरिकी कायद्यात स्वतःच मशीनगन ठरतो आणि १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला बाळगताच येत नाही. २०२३ मध्ये ज्युरीनं दोघांना दोषी धरलं, पाच वर्षांच्या आसपास शिक्षा झाल्या. ती कार्डं कशासाठी विकली जात होती याबद्दल फारसा संशय नव्हता. तरीही हा निकाल अस्वस्थ करतो. उमास्वातींच्या कोष्टकात ते कार्ड समारंभात, फार तर आरंभाच्या उंबरठ्यावर बसतं. कर्माचा नियम मनातल्या योजनेपासून हिशेब मांडू शकतो, कारण तिथं साक्षीपुरावे लागत नाहीत आणि चूक व्हायची भीती नाही. सरकारला तो अधिकार दिला, तर लेथ असलेला प्रत्येक माणूस संशयित होईल. राज्याच्या हाती शिक्षा आहे, म्हणून त्यानं धातूत काहीतरी घडेपर्यंत वाट पाहिली पाहिजे. ते ‘काहीतरी’ नुसत्या रेषांइतकं कमी असू नये.

भारतात रेषा फार अलीकडे, घडवणाऱ्याच्या अगदी जवळ आखली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्रांचे भाग आणि शस्त्रं बनवायची यंत्रसामग्री हेही शस्त्रंच. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामाची वस्तू, उदाहरणार्थ लाठी वा साधी हातकाठी, वगळली आहे. स्वतःपुरतं बनवण्याची मुभा इथं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. इथं रिसीव्हर कुठला, हा वाद घालायची गरजच पडत नाही.

पण ज्या लेथवर पंपाचं बुशिंग निघतं त्याच लेथवर नळीही निघू शकते. मग शस्त्र बनवायची यंत्रसामग्री कोणती? खंडेनवमीला उद्यमनगरात आणि भोसरीत लेथला हळदकुंकू वाहिलं जातं, झेंडूची माळ घातली जाते. जुन्या सरदारांच्या वाड्यांत त्याच दिवशी तलवारी पुजल्या जातात. परंपरेनं हत्यार आणि अवजार यांत त्या दिवसापुरता भेद ठेवलेला नाही. दोन्ही शक्तीची रूपं म्हणून वंदनीय आणि म्हणूनच जबाबदारीची. यंत्र निर्दोष असतं, असं ही पूजा कुठेच म्हणत नाही.

मुंगेरला अठराव्या शतकात मीर कासिमनं राजधानी नेली तेव्हापासून बंदुका घडतात. मध्य प्रदेश आणि जळगाव जिल्ह्याच्या सीमेवर, चोपडा तालुक्याला लागून असलेल्या उमर्टीचं नाव गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत वारंवार येतं. पिढ्यान्पिढ्या पातीला धार लावून जगलेल्या शिकलगार समाजाच्या हाती कौशल्य आहे, पण पोट भरेल असा वैध बाजार त्या कौशल्याला क्वचितच मिळतो. बुद्धानं उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच धंद्यांत शस्त्रांचा व्यापार येतो. पण सम्यक आजीविकेची अपेक्षा ज्याच्याकडून करायची, त्याला दुसरी आजीविका मिळते का, हे पाहणं राज्याच्या आणि समाजाच्या वाट्याचं काम आहे. ते न करता नुसते छापे घालत राहणं अन्यायाचं आहे.

उरतो तो जॉबवर्क करणारा टर्नर. कुणीतरी नमुना आणून देतो, पन्नास नग मागतो, काम कशाचं ते सांगत नाही. १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की शस्त्र ताब्यात असणं म्हणजे ते आहे याची जाणीव असणंही आलं. अमेरिकेत १९९४ च्या स्टेपल्स खटल्यात तसाच विचार झाला: आपली रायफल मशीनगन ठरवणारे गुण आरोपीला माहीत होते, हे सरकारनं सिद्ध केलं पाहिजे. ही दोन्ही तत्त्वं जपायलाच हवीत, नाहीतर अजाण कारागीर तुरुंगात जातील. पण आपल्या शस्त्र अधिनियमाचं ३५ वं कलम सामायिक जागेत शस्त्र सापडलं, तर ते तिथं आहे हे ज्यांना माहीत होतं असं मानायला कारण आहे त्यांच्यावरच उलट सिद्ध करण्याचं ओझं टाकतं. आणि मुद्दाम न विचारणं हे जाणण्याइतकंच दोषास्पद, असं अमेरिकी न्यायालयं बऱ्याच काळापासून धरत आली आहेत. नमुना हातात घेऊन ‘हे कुठं बसतं?’ एवढं विचारण्याचं टाळलेल्या टर्नरला पंचनाम्याच्या वेळी ‘मला कुणी सांगितलं नव्हतं’ हे उत्तर पुरणार नाही.