घरचें म्हणून निर्दोष काय?

मनुष्य जें स्वतःच्या हातानें करितो, तें त्यास परक्यानें केलेल्या वस्तूपेक्षां अधिक निर्मळ वाटतें. बाजारचें पीठ आपण चाळून पाहतों. घरच्या जात्यावरचें तसेंच कालवितों. धान्याच्या बाबतींत ही रीति ठीक आहे. परंतु बऱ्यावाईटाचा निवाडा करितांना ती चालेल काय? "घरीं केलें, विकलें नाहीं, कोणाचें कांहीं घेतलें नाहीं, मग दोष तो कोणता?" असें पुष्कळ जण विचारतात. या प्रश्नाचा आज आम्ही एका दूरदेशच्या उदाहरणावरून विचार करूं इच्छितों.

तांबडा भोपळा हें मूळचें अमेरिका खंडाचें फळ. इंग्लंडांतील धर्मनिष्ठ लोक इ. स. १६२० पासून न्यू इंग्लंड प्रांतांत जाऊन राहिले, तेव्हां बिअर हें त्यांचें नित्याचें पेय होतें. ती करण्यास मोड आणून वाळविलेले जव लागतात; नव्या भूमींत ते दुर्मिळ, आणि भोपळे मात्र उदंड. म्हणून त्यांनीं भोपळ्याचीच बिअर करण्यास आरंभ केला. ती गरजेची युक्ति होती.

आज तेथें जवांस तोटा नाहीं, तरी शरदृतु आला कीं हौशी गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरांत हें पेय करितात. मोडाचे जव भरडून ऊन पाण्यांत सुमारें तासभर ठेवितात, म्हणजे त्यांतील पिठाची साखर होते. त्यांत भाजलेला भोपळा घालितात. मग तें पाणी गाळून, हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें टाकून उकळितात, आणि शेवटीं दालचिनी, जायफळ, लवंग व सुंठ घालितात. थंड झाल्यावर यीस्ट मिसळलें, कीं तें साखर खातें व तिचें मद्य करितें. जव व साखर जितकी अधिक, तितकें पेय कडक. साधारण बिअरींत मद्याचा अंश शेंकडा पांच असतो. हौसेनें केलेल्या कडक प्रकारांत तो आठ किंवा त्याहूनही अधिक होतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. भोपळ्याला स्वतःची चव फार थोडी. लोक जिला भोपळ्याची चव म्हणतात ती खरोखर मसाल्याची असते. आणि तोच मसाला व तीच गोडी मद्याचा जहालपणाही झांकून टाकिते. नांव भाजीचें, वास मिष्टान्नाचा, आणि आंत मद्य दीडपट! जिभेस जें कळत नाहीं, तें पायांस मागाहून कळतें.

आतां दुसरी बाजूही प्रामाणिकपणें मांडिली पाहिजे. मार्टिन लूथर याची पत्नी कॅथरिना ही विटेनबर्ग येथें आपल्या घरीं बिअर करीत असे, आणि त्या घरास कोणी गुत्ता म्हटलें नाहीं. परंतु त्याच लूथरनें आपल्या जर्मन देशबांधवांच्या दारूबाजीवर कडक शब्दांत उपदेश केला, हेंही विसरतां कामा नये. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. ती उठल्यावरही घरीं बिअर करण्याची मोकळीक नव्हती. अध्यक्ष कार्टर यांनीं १९७८ सालीं कायद्यावर सही केली, तेव्हां ती मिळाली. दोन प्रौढ माणसें असलेल्या घरास वर्षाला २०० गॅलन करण्याची मुभा आहे, विकण्याची नाहीं. हिशेब केला तर हे दररोज सुमारें दोन लिटर होतात. कायदा कुंपण घालितो तें असें दूर. त्याच्या आंत किती चालावें, हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें.

आणि नेमकी येथेंच घरच्या वस्तूची गोम आहे. गुत्त्यास निदान तीन आडकाठ्या असतात: पैसा मोजावा लागतो, दार केव्हांतरी बंद होतें, आणि चार डोळे पाहत असतात. घरांत यांतील एकही नाहीं. नोहाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. ती दारू कोणत्याही दुकानांतून आली नव्हती. मळा त्याचा, द्राक्षें त्याचीं, डेरा त्याचा. आणि लाज मात्र मुलांच्या वांट्यास आली.

शिवाय, ज्यानें खपून वस्तु केली त्यास ती दुसऱ्यास वाढण्याची हौस असते. ही हौस चांगली आहे. पण आग्रह हा आपल्या लोकांचा गुण तसा दोषही आहे. समजा, एका मनुष्यानें मोठ्या कष्टानें व्यसन सोडिलें आहे आणि तो आपल्या घरीं पाहुणा आला. बाजारची बाटली असती तर त्यानें सहज नको म्हटलें असतें. पण "हें मीं स्वतः केलें आहे, एक घोट तरी घ्या," असें यजमान म्हणाला, म्हणजे नाहीं म्हणणें हा यजमानाचा अपमान होतो. जें बंधन गुत्तेवाल्यास घालतां आलें नाहीं, तें प्रेमानें घातलें!

आपल्याकडे मोहाच्या फुलांविषयीं हेंच बोलणें ऐकूं येतें: "फुलें आपल्या रानचीं, मडकें आपलें." महाराष्ट्रांत परवान्यावांचून दारू गाळणें हा १९४९ च्या कायद्यानें गुन्हा आहेच. पण कायदा बाजूस ठेविला तरी प्रश्न उरतोच.

आमचें उत्तर असें आहे. स्वतःच्या हातानें केल्यामुळें वस्तु निर्दोष होत नाहीं. उलट तिची सगळी जबाबदारी एकाच माणसावर येऊन पडते. दुकानाच्या मालाचा दोष दुकानदार, मालक व पिणारा यांत वांटतां येतो. घरच्या घड्याचा कोणाशीं वांटणार? म्हणून अशा मनुष्यानें स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या. ही वस्तु खरोखर किती कडक आहे, हें मी पाहुण्यास आधींच सांगतों काय? त्यानें नको म्हटलें तर माझें मन निवळ राहतें काय? आणि या वर्षीं केलीच नाहीं, तर मला चैन पडेल काय? तिन्हींचें उत्तर "होय" असें देतां न आलें, तर "घरचें" हा शब्द त्यानें आपल्या तोंडून काढूं नये.

भोपळा बिचारा निरपराधी आहे. त्याचे गूळ घालून घारगे करावे कीं आणखी कांहीं, हें तो ठरवीत नाहीं. तें आपण ठरवितों.