बक्षीस आणि देणे

४ जुलै २०२४ रोजी मरीन ड्राइव्हवर विश्वविजेत्या क्रिकेट संघाची मिरवणूक निघाली आणि दुसऱ्याच दिवशी विधान भवनात संघातील चार मुंबईकर खेळाडूंचा सत्कार झाला. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी संघाला ११ कोटी रुपये जाहीर केले. क्रिकेट मंडळाने १२५ कोटी दिलेलेच होते. विरोधकांनी टीका केली. आपण मात्र टीव्हीसमोर बसून टाळ्याच वाजवल्या. खेळामुळे माणसे येतात, हॉटेले भरतात, रिक्षावाल्याला भाडे मिळते. लोकप्रतिनिधी खेळामागे उभे राहतात ते उगीच नाही.

पण याच विधिमंडळाच्या दुसऱ्या एका दिवसाची आठवण आपल्या भागाला आहे. २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ठराव मुंबईत झाला आणि घरे मराठवाड्यात जळाली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली, कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली. विद्यापीठाला नाव मिळाले १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे! नामविस्तार झाला, पण जळालेल्या घरांचा हिशेब?

कोणी म्हणेल, इतके जुने कशाला उकरता? आज कर भरणाऱ्यांनी कोणाचे घर जाळले? हा प्रश्न खोटा नाही. पण बापाने उधारीवर हळदीचे बेणे आणले, पीक उभे असताना तो गेला, मुलाने हळद वसमतच्या मोंढ्यात विकली आणि दुकानदाराला सांगितले, "उधारी बापाची, माझी नाही", तर आपण त्याला काय म्हणू? शासनाचेही तसेच आहे. माणसे बदलतात, खाते तेच राहते. रक्षण करण्याचे काम शासनाचे होते.

जुने देणे मान्य करता येत नाही असेही नाही. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना २०१८ मध्ये, म्हणजे चार दशकांनंतर, मानधन सुरू झाले. एक महिन्याहून अधिक कैद सोसलेल्यांना तेव्हा दरमहा १०,००० रुपये. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीत १६८ जण बेपत्ता झाले. ६० जणांच्याच कुटुंबांना भरपाई मिळाली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेली १०८ कुटुंबे शोधून दोन लाख रुपये आणि जानेवारी १९९९ पासून ९ टक्के व्याज देण्यास सांगितले. आम्हास त्या व्याजाचे मोल अधिक वाटते. उशीर हासुद्धा अन्यायच, हे त्यात मान्य झाले.

जक्कयाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्याने दोन खाती वेगळी ठेवली हे पटकन लक्षात येत नाही. निम्मी संपत्ती गरिबांना. आणि ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट. पहिले दान, दुसरे देणे. खेळाडूंना दिलेले बक्षीस आनंदाचे आहे, न दिले तरी कोणाचे काही बुडत नाही. पीडिताला दिलेल्या चेकसोबत मात्र फोटो काढला की देण्याचे दान होऊन जाते.

आणखी एक दुखणे आपल्या घरचे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात पुढे शीख (१९५६) आणि बौद्ध (१९९०) आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे जातीवरून मार खाल्लेल्या ख्रिस्ती माणसाला १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण आणि त्यातील अर्थसाहाय्य मिळणे कठीण होते. मारणारा धर्म विचारत नाही, अर्ज विचारतो.

१९७८ साली जी वीस वर्षांची होती ती माणसे आज सत्तरीच्या आसपास आहेत. आपल्या वस्त्यांतही अशी कोणी असतील. त्यांच्याजवळ बसून विचारायला हवे की तेव्हा काय काय गेले: किती पत्रे, किती पोती ज्वारी, कोणती शेळी, मुलांची कोणती पुस्तके. आणि ते लिहून घ्यायला हवे, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह.