सूर न लागणाऱ्या भावाचे काय?

वाचकहो, आपण ज्या गावी वा शहरी या ओळी वाचत असाल, तेथील मंडळीचा गायकवृंद क्षणभर डोळ्यांपुढे आणा. नगर असो की इंदूर, हैदराबाद असो की बंगळूर, मराठीत उपासना जेथे चालते तेथे पेटीभोवती बसलेली दहा-पंधरा माणसे बहुधा असतातच. त्यांत एक तरी असा असतो, ज्याला सूर लागत नाही. तो सरावाला सर्वांच्या आधी येतो, सतरंज्या अंथरतो, सर्वांच्या शेवटी जातो. आणि गाऊ लागला की शेजारचा किंचित सरकून बसतो. या माणसाचे काय करावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. मला तो तीस वर्षांहून अधिक काळ छळीत आहे, कारण एकदा मी त्याचे उत्तर फार झटपट देऊन बसलो.

माझे गाव नेवासे तालुक्यातले. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेचे मराठी निरूपण सांगितले, त्याच परिसरात एकोणिसाव्या शतकात सुवार्ता आली आणि लवकरच टाळ-मृदंगावर बसली. नगरास कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीते दिली, आणि आमच्या आजी-आजोबांनी ती ‘उपासना संगीत’ हातात धरून, किंवा न धरताच, गायिली. न धरताच असे म्हणतो, कारण त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. पुस्तक एकच, ते पेटीवर उघडे. बाकीच्या प्रती लोकांच्या गळ्यात.

आमचा गायकवृंद म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. चौदा माणसे, त्यांत पाच बहिणी. पेटीच्या भात्याला दोन ठिकाणी ठिगळे. ढोलकीवर बसणारे गृहस्थ गावच्या वारकरी भजनी मंडळातले. एकादशी सोडून कोणत्याही रात्री बोलवावे, येत असत. सरावाचा काळ आगमनकाळाचा, आणि तोच नेमका ऊसतोडीचा. दिवाळी झाली की निम्मे गाणारे टोळ्यांबरोबर कारखान्यांकडे निघून जात आणि मागे राहणाऱ्यांवर नाताळ येई. त्यामुळे गायकांची निवड अशी आमच्याकडे कधी झालीच नाही. जो गावात आहे तो गायक. नाताळच्या आठवड्यात घरोघर भजन, सुगीचा सण, लग्नाची आदली रात्र, कोणाची मूठमाती झाल्यावरची रात्र, हे आमचे कार्यक्रम. वीज गेली की कंदील लावायचा आणि पाठ असलेली गीते घ्यायची. खरे सांगतो, अंधारात आम्ही अधिक चांगले गात असू.

वर्षातून एकदा मात्र तालुक्याच्या ठिकाणी मांडव पडे. आठ-दहा गावांचे गायकवृंद येत, ध्वनिक्षेपक असे, पुढे पाहुण्यांसाठी खुर्च्या. त्या रात्रीचे मोल आमच्या लोकांना काय होते, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगणे कठीण. ज्यांना एरवी कोणी व्यासपीठावर बोलावीत नाही, ज्यांच्याशी मुकादम आणि सावकार उभ्याउभ्याच बोलतात, ती माणसे त्या रात्री दिव्यांच्या उजेडात उभी राहत आणि खुर्च्यांवरचे लोक गप्प बसून ऐकत. बहिणी मागून आणलेली लुगडी नेसत. हे मी मुद्दाम नोंदवीत आहे, कारण पुढच्या गोष्टीत मी दोषी असलो तरी माझ्या बाजूलाही काही होते.

१९९४ चा डिसेंबर. मी ईश्वरविद्येचे शिक्षण घेत होतो, वय चोवीस, सुटीला घरी आलो होतो. पेटी बरी वाजवितो म्हणून गायकवृंद माझ्याकडे सोपविला गेला. त्यात तात्या होते. (गाव त्यांना तात्याच म्हणे, मीही तेच लिहितो.) साठीचे, मोटेवर आणि पुढे बांधावर राबलेले, कधी एक रविवार न चुकविलेले. काळी दोनची पट्टी धरली तरी त्यांचा षड्ज तिच्या अलीकडे कोठेतरी मुक्काम करी. आणि ठेक्यापेक्षा ते अर्धी मात्रा मागे असत, पण आवाज असा की मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जावा. निघण्याच्या आदल्या रात्री मी त्यांना बाजूला घेतले आणि म्हणालो, “तात्या, उद्या तुम्ही उभे राहा, पण आवाज काढू नका. नुसते ओठ हलवा.” त्यांनी माझ्याकडे जरा पाहिले आणि “बरं” म्हणाले. दुसऱ्या रात्री ते मागच्या रांगेत उभे राहिले आणि त्यांनी ओठ हलविले. गायन उत्तम झाले. टाळ्या पडल्या. परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सर्व जण पुन्हा गाऊ लागले. तात्या गात नव्हते. माझ्या ते लक्षात आले, आणि मी ते विसरून गेलो.

आता आपण विचार करू. अशा गोष्टीवर सामान्यतः एक गोड उत्तर मिळते: देव अंतःकरण पाहतो, त्याला सुराशी काय करावयाचे आहे? हे उत्तर मला पटत नाही, आणि शास्त्रालाही ते पटत असेल असे वाटत नाही. आंधळे-लंगडे जनावर वेदीवर आणणाऱ्यांना मलाखी संदेष्टा जे खडसावतो ते आपल्या निष्काळजी गायनालाही लागू आहे. कनन्याकडे गायनाचे काम सोपविले ते तो त्यात निपुण होता म्हणून, असे इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात स्पष्ट नोंदले आहे. आणि त्याच पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराच्या गीतांचे शिक्षण घेतलेल्या २८८ जणांची गणती आहे. ज्या बहिणी दिवसभर निंदणी करून रात्री दोन-दोन तास एकच ओळ घोटीत होत्या, त्यांच्या कष्टाला काही हक्क नव्हता काय? एकाच्या भावनेसाठी तेरांचे गाणे बिघडू द्यावे, याला मी प्रीती म्हणणार नाही. तो बहुधा आळस असतो, शिकविण्याचा कंटाळा.

पण त्याच पंचविसाव्या अध्यायात पुढच्याच वचनात काय आहे ते पाहा. त्या निपुण गवयांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरविल्या, आणि चिठ्ठ्यांत लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद ठेवला नाही. निपुणता हवी; परंतु पाळी प्रत्येकाची. या दोन गोष्टी शास्त्राने शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत आणि त्यांचा मेळ कसा घालावयाचा हे आपल्यावर सोडले आहे.

मंडळीच्या इतिहासात हा मेळ पुष्कळदा बसलेला नाही. चौथ्या शतकात लावदिकियाच्या धर्मसभेने नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी मंदिरात गाऊ नये असा नियम केला. ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात कबूल करतो की कधीकधी गीताच्या आशयापेक्षा गळ्यानेच आपण अधिक हेलावतो, आणि तसे झाले की आपण पाप केले असे त्याला वाटते. जॉन वेस्लीने १७६१ साली गाणाऱ्यांना सूचना दिल्या: सर्वांनी गावे, जोराने गावे, पण इतरांच्या वर आपला आवाज ऐकू यावा म्हणून ओरडू नये, आणि ताल सोडू नये. वेस्लीचा माणूस मला आवडतो. त्याच्यासमोर बहुधा तात्याच बसलेले असावेत.

माझ्या व्यवसायात शब्दांशी रोजचे झगडणे असते, म्हणून दोन-तीन शब्दांविषयी लिहितो. पंचावन्न स्तोत्रांच्या मथळ्यांत मुख्य गवयाचा उल्लेख आहे. तेथील इब्री शब्द ‘मनत्सेअख’. मुद्दा असा की हाच शब्द, अनेकवचनात, इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात शलमोनाच्या मंदिरासाठी ओझी वाहणाऱ्या आणि दगड फोडणाऱ्या मजुरांवर नेमलेल्या ३,६०० माणसांसाठी येतो. म्हणजे आपल्या भाषेत मुकादम. ऊसतोडीच्या गावात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून हसू आले आणि मग आले नाही. मुकादमाचे काम उत्तम कोयता चालविणे हे नसते. टोळीतल्या प्रत्येक हाताला काम लावणे हे असते. मोळी बांधणारा, वाढे वेचणारा, गाडी भरणारा. रिकामा हात ही मुकादमाची चूक समजतात. मी त्या डिसेंबरात कनन्या होऊ पाहत होतो; मुकादम मात्र झालो नाही. तात्यांना टाळ देता आला असता. धृपदाला सर्वांबरोबर आणि कडव्यांना गप्प, असे सांगता आले असते. महिनाभर आधी रोज पंधरा मिनिटे त्यांच्याजवळ बसून एकच स्वर लावून घेता आला असता. साठीच्या माणसालाही सूर थोडा सापडतो, हे मी पुढे इतरत्र पाहिले आहे.

दुसरा शब्द ‘तरूआ’. शंभराव्या स्तोत्राच्या आरंभीच्या आज्ञेत त्याचे क्रियापद आहे. हाच शब्द यरीहोच्या तटापुढच्या गर्जनेला आहे. त्यात स्वर नाही, ठेका नाही. त्यात सगळे लोक आहेत. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात नव्या मंदिराचा पाया पडतो तेव्हा आसाफाचे वंशज झांजा घेऊन रीतसर गातात, आणि ज्या वृद्धांनी पहिले मंदिर पाहिलेले असते ते मोठ्याने रडू लागतात. रडणे कोणते आणि हर्षाची ‘तरूआ’ कोणती, हे लोकांना ओळखता येईना, असे तेथे लिहिले आहे. त्या वृद्धांनी आसाफाच्या वंशजांचे गाणे निश्चित बिघडविले असणार. कोणी त्यांना नुसते ओठ हलवा असे म्हटल्याची नोंद नाही.

येथवर आलो तरी माझी खरी चूक अजून सांगितलेली नाही. “तात्या, या वर्षी तुम्ही मंचावर येऊ नका,” असे मी म्हणालो असतो तर ते कठोर झाले असते, कदाचित अन्यायाचेही. पण ते खरे झाले असते. त्यांना रागावता आले असते, भांडता आले असते, पाळकांकडे जाता आले असते. मी ते म्हणालो नाही, कारण मंचावर चौदा डोकी दिसावीत असे मला वाटत होते, आणि वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणण्याचा संकोच मला टाळायचा होता. म्हणजे त्यांची उपस्थिती मला हवी होती आणि ते नको होते.

मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू यशयाचा आधार देऊन ओठांनी मान देणाऱ्या आणि अंतःकरणाने दूर असणाऱ्या लोकांविषयी बोलतो, आणि त्यांना जे नाव देतो ते ग्रीक ‘हुपोक्रितेस’. मराठीत आपण ढोंगी म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण ग्रीक माणसासाठी हा शब्द प्रथम रंगभूमीवरच्या नटाचा होता. हा अध्याय तपासताना, पुष्कळ वर्षांनी, एका दुपारी माझी लेखणी थांबली. त्या लोकांचे अंतःकरण दूर होते आणि ओठ तेवढे जवळ. तात्यांचे अंतःकरण आमच्या सर्वांपेक्षा जवळ होते, आणि मी त्यांच्यापाशी नुसते ओठ मागितले. आमच्यातल्या सर्वांत निष्कपट माणसाला मी परमेश्वराच्या स्तवनात नट केले. सुरासाठी माणसाला थांबविता येते, शिकविता येते, वेळप्रसंगी नाकारताही येते. ढोंग करावयास सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? (हल्ली कित्येक कार्यक्रमांत आधी मुद्रित केलेला आवाज चालू असतो आणि पुढे गायकवृंद तोंडे हलवितो. ऐकायला निर्दोष. मला तेथे बसवत नाही.)

२००३ साली मी गावी गेलो तेव्हा तात्यांना भेटलो. ते ओट्यावर बसले होते, दृष्टी बरीच गेलेली. त्या नाताळानंतर ते मंडळीतही गात नसत, हे मला एका बहिणीने सांगितले होते. मी क्षमा मागितली. त्यांनी हात हलवून ती बाजूला सारली.

“तू खोटं नव्हता बोलला, लेकरा. सूर माझा नव्हताच कधी,” ते म्हणाले. “पर एक झालं बघ. त्या रातीला नुसतं तोंड हालवलं, तवापासून दुसरं कडवं सुटलं. पहिलं येतं. दुसऱ्याच्या तोंडाशी येऊन थांबतो.”

त्यांना वाचता येत नव्हते. त्यांचे पुस्तक गळ्यातच होते, हे मी वर लिहिले आहे. मला ते तेव्हा कळले. आवाज काढल्याखेरीज त्या पुस्तकाचे पान उलटत नसे. नऊ वर्षे ते पहिल्या कडव्यापाशी उभे होते.

“सांग की,” ते म्हणाले.

मी दुसऱ्या कडव्याचे पहिले तीन शब्द सांगितले. त्यांनी ते उचलले, आणि पुढचे सगळे, तिसऱ्यासकट, म्हणत गेले. मी हाताने ठेका धरला होता, त्याच्या अर्धी मात्रा मागे. घरातून त्यांची सून दारात येऊन उभी राहिली.