चंद्राला नकार, मग होकार

इस्रोची स्थापना झाली १५ ऑगस्ट १९६९ रोजी. नील आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाऊल ठेवलं, त्याला तेव्हा चार आठवडेही उलटले नव्हते. सगळं जग चंद्राकडे डोळे लावून बसलेलं असताना जन्मलेल्या या संस्थेनं चंद्राकडे पाठ फिरवली होती, आणि तीही पूर्ण विचारानं. विक्रम साराभाईंनी आधीच सांगून टाकलं होतं की चंद्र, ग्रह किंवा अंतराळात माणूस पाठवणं यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करायची स्वप्नं आपण पाहत नाही. पण समाजाच्या खऱ्याखुऱ्या प्रश्नांसाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात मात्र आपण कोणाच्याही मागे असता कामा नये. आज त्याच इस्रोपुढे २०४०पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवण्याचं उद्दिष्ट आहे. हे मतपरिवर्तन एका रात्रीत झालेलं नाही. ते बरंचसं बंगळुरूत झालं, आणि त्याची पावलं तपासून पाहण्यासारखी आहेत.

साराभाईंचा नकार म्हणजे न्यूनगंड नव्हता. त्यात अभिमान होताच, फक्त त्याचं माप वेगळं होतं. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे साराभाईंचे अगदी सुरुवातीपासूनचे सहकारी. १९७५-७६ साली अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग त्यांच्या हातून पार पडला. कर्नाटकातली गावं होती गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर जिल्ह्यांतली, म्हणजे आपल्या सोलापूर-सांगलीला लागून असलेल्या मुलखातली. शेती, आरोग्य, शाळेचे धडे असं त्या पडद्यावर दिसायचं. उपग्रह परका होता याचं कोणाला वैषम्य वाटलं नाही, कारण अभिमान उपग्रहाच्या मालकीचा नव्हता. खेड्यातल्या माणसाला त्यातून काय मिळालं याचा होता. चिटणीसांनी जुलै २०२५मध्ये शंभरी गाठली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. थुंब्याच्या रॉकेट केंद्रापासून अंतराळ स्थानकात राहून आलेल्या भारतीयापर्यंतचा सगळा पट या माणसानं एका आयुष्यात पाहिला.

साराभाई १९७१च्या अखेरीस अचानक गेले. इस्रोची धुरा घेण्याची विनंती सतीश धवनांना झाली, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या: भारतीय विज्ञान संस्थेचं संचालकपद आपण सोडणार नाही आणि इस्रोचं मुख्यालय बंगळुरूत असेल. दोन्ही मान्य झाल्या. तिथल्याच पीन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये यू. आर. राव यांच्या चमूनं ३६० किलोचा आर्यभट बांधला. १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोव्हिएत रॉकेटवरून गेला आणि पुढे दोन रुपयांच्या नोटेच्या पाठीवर त्याचं चित्र आलं. राष्ट्राभिमानाची ती पहिली खूण, हातोहात फिरणारी.

१९८१चं ते छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल: बैलगाडीवर ठेवलेला ॲपल उपग्रह. गरीब देशाची धडपड म्हणून ते जगभर छापलं गेलं. पण बैलगाडी काही पैशांअभावी आणलेली नव्हती. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या मैदानात घ्यायची होती आणि धातूच्या वाहनावर ठेवलं असतं तर लहरी परावर्तित होऊन मोजमाप बिघडलं असतं. लाकडी गाडी हा त्यावरचा नेमका तांत्रिक उपाय होता. आपणही कित्येक वर्षं ते चित्र थोडं ओशाळून आणि थोडं कौतुकानं दाखवत आलो. त्यात खरं कौतुक होतं ते अडचण ओळखून चटकन उत्तर काढणाऱ्या डोक्याचं.

या बैलगाडीशेजारी मला आणखी एक गाडी आठवते. १५ जुलै १९६९, अपोलो ११च्या उड्डाणाचा आदला दिवस. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी गरीब कुटुंबांना आणि खेचरं जुंपलेल्या गाड्यांना घेऊन केप केनेडीला धडकले. देशात माणसं उपाशी असताना चंद्रावर पैसा कशाला, हा त्यांचा सवाल. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना जाऊन भेटले. उद्याचं बटण न दाबल्यानं गरिबी मिटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडे चंद्रयानाच्या वेळी हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा तो केवळ गरीब देशाला विचारला जातो असं अनेकांनी मानलं. तो जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशालाही त्याच्याच नागरिकांनी विचारला होता. प्रश्न विचारणारे देशद्रोही नसतात. ॲबरनॅथींनी दुसऱ्या दिवशीच्या अंतराळवीरांसाठी प्रार्थनाही केली.

अमेरिकेचा चंद्राभिमान मात्र शर्यतीवर उभा होता. नोव्हेंबर १९६२मध्ये नासाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स वेब यांच्याशी झालेल्या बैठकीत खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सांगितलं होतं की मला अंतराळात तसा फारसा रस नाही, रशियाच्या आधी पोहोचायचं आहे म्हणून हा खर्च. त्या बैठकीचं ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. शर्यत जिंकली आणि उत्साह ओसरला. अपोलो १८, १९ आणि २० या मोहिमा रद्द झाल्या. डिसेंबर १९७२मध्ये अपोलो १७ परतलं, त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ चंद्रावर कोणी उतरलेलं नाही. आता अमेरिकेची आर्टेमिस मोहीम आणि २०३०पर्यंत माणूस उतरवण्याचा चीनचा निर्धार यांमुळे शर्यतीची भाषा परत आली आहे. आपण कोणत्या अभिमानानं तिथे जाणार हा प्रश्न म्हणूनच आत्ता महत्त्वाचा आहे.

आपल्याकडचा पहिला माणूस अंतराळात गेला तो इस्रोच्या वाटेनं नव्हे. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयुझ टी-११मधून सॅल्यूत ७ स्थानकावर गेले. रॉकेट, यान, स्थानक सगळं सोव्हिएत. आपल्या वाट्याला होते दोन वैमानिक, शर्मा आणि त्यांचे राखीव जोडीदार रवीश मल्होत्रा. बंगळुरूची हवाई दलाची वैद्यक संस्था वैमानिकांना तपासून पारखून घेण्यात सहभागी होती. वरून भारत कसा दिसतो, या इंदिरा गांधींच्या प्रश्नाला शर्मांनी इक्बालांच्या गीताच्या आधारे दिलेलं उत्तर त्या पिढीच्या कानात अजून आहे. देश हरखून गेला, आणि ते रास्तच होतं. पण नंतर? पुढे काहीच नाही. शर्मा हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक म्हणून आधी नाशिकला आणि मग बंगळुरूला काम करत राहिले. मिळालेला आनंद पुढच्या कामाला जोडला गेला नाही, कारण त्या उड्डाणाच्या मागे आपली अशी कोणतीच यंत्रणा नव्हती. अभिमान उसना असला की तो एका वर्षात संपतो, हे त्यातून दिसलं.

चंद्राला होकार आला तो वैज्ञानिकांच्या बैठकांतून. १९९९ आणि २००० साली भारतीय विज्ञान अकादमी आणि ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटीच्या व्यासपीठांवर चर्चा झाली, इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष कस्तुरीरंगन यांनी ती उचलून धरली आणि १५ ऑगस्ट २००३ रोजी वाजपेयींनी लाल किल्ल्यावरून चंद्रयानाची घोषणा केली. कस्तुरीरंगन यांचा युक्तिवाद असा की परवडतं का हा प्रश्न नाही, दुर्लक्ष करणं परवडेल का हा आहे. साराभाईंच्या भूमिकेपासून हे पाऊल दूर होतं, तरी तिच्या विरोधात नव्हतं. ३८६ कोटींच्या त्या मोहिमेसाठी बंगळुरूपासून काही अंतरावर ब्यालालू गावात ३२ मीटर आणि १८ मीटर व्यासाच्या अँटेना उभ्या राहिल्या. त्या आजही काम करतात.

चंद्रयान-१मध्ये अभिमानाच्या दोन तऱ्हा एकाच यानात बसल्या होत्या. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चंद्रावर आदळवलेल्या छोट्या पेटीच्या बाजूंवर तिरंगा रंगवलेला होता. चंद्रापर्यंत जातोच आहोत तर पृष्ठभागापर्यंत जाऊ या, ही कल्पना कलामांची. त्याच यानावर नासाचं एम-क्यूब हे उपकरण होतं आणि चंद्रावरच्या पाण्याचा जो शोध २००९मध्ये जगानं मान्य केला, त्यात त्याचा वाटा मोठा होता. आदळलेल्या पेटीतल्या ‘चेस’ या आपल्या उपकरणालाही पाण्याच्या खुणा मिळाल्या होत्या. पहिला मान कोणाचा यावर आपल्याकडे वाद झाले. मला ते वाद अनाठायी वाटतात. परक्याचं उपकरण आपल्या यानात विश्वासानं ठेवलं जातं, ही १९७५ सालच्या उलट परिस्थिती होती, आणि तीच खरी मिरवण्याजोगी गोष्ट.

मग आला २०१९चा सप्टेंबर. सात तारखेच्या पहाटे पीन्याच्या इस्ट्रॅक केंद्रातल्या पडद्यावरची चंद्रयान-२च्या विक्रम या लँडरची रेषा ठरलेल्या मार्गापासून ढळली आणि थांबली. देशभरातून बोलावलेली शाळकरी मुलं तिथे बसलेली होती. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सिवन यांना पंतप्रधानांनी मिठीत घेतल्याचं दृश्य सगळ्यांनी पाहिलं. ते हृद्य होतं, पण माझ्या लेखी त्याहून मोठं काम त्यानंतरच्या चार वर्षांत झालं. काय बिघडलं, हे त्यांच्यानंतरचे अध्यक्ष सोमनाथ यांनी जुलै २०२३मध्ये मोकळेपणानं सांगितलं. पाच इंजिनांचा रेटा अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, त्यामुळे चुका साठत गेल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी यानाला वेगानं वळायला हवं होतं, पण वळण्याच्या वेगावर प्रणालीनंच मर्यादा घातलेली होती. आणि उतरायची जागा होती अवघी ५०० मीटर लांब, ५०० मीटर रुंद. तिथपर्यंत पोहोचायच्या धडपडीत यान वेग वाढवत गेलं. चंद्रयान-३साठी ही जागा चार किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, मधलं एक इंजिन काढून टाकलं. काय काय बिघडू शकतं याची यादी करून त्यावरून आराखडा आखला. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम टेकला, तो या यादीच्या जोरावर. चारच दिवस आधी रशियाचं लुना-२५ कोसळलं होतं, हे लक्षात घेतलं की आपल्या लोकांच्या कामाची किंमत कळते.

या यशाला दोन महिने होण्याआधीच, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी, पंतप्रधानांनी इस्रोपुढे दोन उद्दिष्टं ठेवली: २०३५पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक आणि २०४०पर्यंत चंद्रावर भारतीय. मला या उद्दिष्टाचा आनंद आहे. पण मोजमाप बघू. सॅटर्न पाचनं पृथ्वीच्या निकटच्या कक्षेत सव्वाशे टनांच्या वर वजन नेण्याची ताकद कमावली होती. आपलं एलव्हीएम-३ आठ-दहा टनांपर्यंत नेतं. सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या नव्या प्रक्षेपकाचं लक्ष्य ३० टनांचं आहे. त्याच वेळी मंजूर झालेलं चंद्रयान-४ चंद्रावरची माती घेऊन परत येणार आहे, कारण माणूस पाठवायचा तर परत येता यायला हवं. हा डोंगर चढायचा आहे, आणि घोषणांनी त्याची उंची कमी होत नाही.

आपल्याच यानातून माणूस अंतराळात नेण्याच्या गगनयान मोहिमेनं ते शिकवलं. १५ ऑगस्ट २०१८ रोजी २०२२ची मुदत जाहीर झाली, स्वातंत्र्याच्या ७५व्या वर्षासाठी. ती टळली. करोना आलाच, पण त्याशिवाय केबिनमधला प्राणवायू, दाब, आर्द्रता राखणारी आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा इस्रोला स्वतःच घडवावी लागली. मुदत चुकली म्हणून टीका झाली. मी ती कधी केली नाही आणि करणार नाही. यंत्र आदळलं की नवं बांधता येतं. १९८६चं चॅलेंजर आणि २००३चं कोलंबिया, ज्यात आपल्या कर्नालची कल्पना चावला होती, तिथे घाईची आणि दुर्लक्षाची किंमत माणसांनी दिली.

म्हणूनच २०२५ सालची एक गोष्ट मला शुभांशु शुक्लांच्या उड्डाणाइतकीच मोलाची वाटते. त्यांना अंतराळ स्थानकावर नेणारी ॲक्सिऑम-४ मोहीम जूनमध्ये निघायची होती. फाल्कन-९च्या बूस्टरमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. पूर्ण दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी झाल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह इस्रोच्या चमूनं धरला. तो किती ठामपणे धरला, हे इस्रोचे अध्यक्ष नारायणन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. उड्डाण पुढे गेलं, २५ जूनला निघालं, १५ जुलैला सगळे सुखरूप परतले. रॉकेट दुसऱ्याचं, मुदत दुसऱ्याची, देश टीव्हीसमोर ताटकळलेला, आणि तरी ‘थांबा’ म्हणण्याची हिंमत. १९८४ आणि २०२५ यांत हाच फरक आहे. तेव्हा आपण प्रवासी होतो. आता यानाचं पोट उघडून बघणारे आणि हरकत घेणारे झालो आहोत.

या हरकतीचा हक्क देशातल्या प्रत्येकाला आहे असं मी मानतो. गगनयानाच्या आजच्या मंजूर खर्चाचा आकडा २० हजार कोटींच्या वर आहे आणि तो करातून येतो. यश थेट प्रक्षेपणात दिसतं. अपयशाचा अहवालही तसाच पुढे यायला हवा. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१चं उड्डाण तिसऱ्या टप्प्यात फसलं, तेव्हा मला हे तीव्रतेनं जाणवलं. १९७९मध्ये एसएलव्ही-३ कोसळल्यावर धवन पत्रकारांपुढे स्वतः बसले आणि जबाबदारी घेतली. पुढच्या वर्षी यश आल्यावर त्यांनी कलामांना पुढे केलं. इस्रोच्या मुख्यालयाला, बंगळुरूच्या अंतरिक्ष भवनाला, दुसरा आदर्श शोधायची गरज नाही. गगनयानाचं पहिलं मानवविरहित उड्डाण कसंही होवो, त्याचा पूर्ण अहवाल महिन्या-दोन महिन्यांत लोकांपुढे ठेवावा, आणि तो इंग्रजीइतकाच कन्नडमध्ये, मराठीत, तमिळमध्येही असावा. १९७५ साली ज्या गुलबर्ग्याच्या आणि विजापूरच्या खेड्यांत चिटणीसांनी उपग्रहाचा पडदा नेला, तिथल्या शाळेतल्या शिक्षकाला तो वाचता आला पाहिजे.