बोजा नसलेलं यंत्र

जुनं लेथ मशीन पाहायला आलेला कसलेला टर्नर रंगाकडे ढुंकूनही पाहत नाही. रंग आदल्या आठवड्यात मारलेला असू शकतो. तो आधी चकपासून टेलस्टॉकपर्यंत बेडवर हात फिरवतो. मशीनचं बहुतेक काम चकच्या जवळ झालेलं असतं, त्यामुळे बेड झिजतो तोही तिथेच. मग तो सॅडल चकजवळ आणून तिची गिब, म्हणजे ढिलेपणा काढणारी पट्टी, नीट घट्ट करतो आणि सॅडल हळूहळू टेलस्टॉककडे सरकवतो. बेड झिजलेला असेल तर कोऱ्या टोकाकडे जाता जाता सॅडल जड होते, कधी अडकूनच बसते. त्यानंतर स्पिंडलला डायल लावून रनआउट, म्हणजे तो फिरताना किती डगमगतो ते, बघायचा, क्रॉस स्लाइडचं हँडल किती फेरा फुकट फिरतं ते पाहायचं, एकेक स्पीड टाकून गिअरचा आवाज ऐकायचा. शेवटी एक लांब बार चढवून हलका कट मारायचा आणि मायक्रोमीटरनं दोन्ही टोकांचा व्यास मोजायचा. टेपर किती येतो ते कळलं की मग भावाची बोलणी.

ही तपासणी ज्याला येते त्याच्यासाठी जुनं यंत्र हा नाइलाज नसतो, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचं टर्नमास्टर किंवा एचएमटीचं एनएच २२ आजही मागून घेतलं जातं. म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना बंद पडून किती तरी वर्षं झाली, पण त्या जाड बिडाच्या बेडवर अजून पोटं भरताहेत. भोसरीचे जुन्या मशीनचे व्यापारी, मुंबईतला दारूखान्याचा भंगार बाजार, बंद पडलेल्या युनिटचे लिलाव, अशा वाटांनी ही मशीनं एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातात.

आपल्या नगर जिल्ह्यात या व्यवहाराला आणखी एक अर्थ आहे. लुना मोपेड १९७२ साली रस्त्यावर आली, ती नगरच्या कायनेटिकमधून. अशा मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्यानं नागापूर एमआयडीसीत जॉबवर्क करणारी छोटी वर्कशॉपं वाढली. या वर्कशॉपवाल्याचं दुखणं ज्यांना माहीत आहे त्यांना ते सांगायला नको. मोठ्या कंपनीची मागणी घटली की पहिली झळ त्याला. ऑर्डर आली तरी बिलाचे पैसे कधी येतील याचा भरवसा नाही. लघुउद्योगांचं देणं ४५ दिवसांच्या आत चुकतं करावं असं २००६ चा कायदा सांगतो. पण ज्या कंपनीकडून उद्याचं काम मिळणार तिच्याविरुद्ध तक्रार करायला कोण धजावतो? म्हणजे येणाऱ्या पैशाला तारीख नाही आणि हप्त्याला मात्र आहे.

समजा, नव्या मशीनसाठी ५ लाखांचं कर्ज काढलं, व्याज १२ टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ११,१२२ रुपये बसतो आणि पाच वर्षांत व्याजापोटी १ लाख ६७ हजार जातात. हे व्याजही मला फारसं खुपत नाही. धंदा चालला तर ते निघून जातं. खुपते ती दुसरी गोष्ट. हप्ता डोक्यावर असलेला मालक कामाला नाही म्हणू शकत नाही. कंपनीचा परचेस ऑफिसर नगाचा दर पाडून मागतो, तोटा समोर दिसत असतो, तरी महिन्याची पाच तारीख आठवून तो होकार देतो. ज्याच्या मशीनवर कर्ज नाही तो दोन महिने मशीन झाकून ठेवू शकतो. त्याचा खर्च म्हणजे शेडचं भाडं, विजेचा स्थिर आकार आणि घर. मंदीत टिकायला तेवढं पुरतं. जुनं यंत्र रोखीनं घेण्याचा खरा फायदा हा आहे: नकार देण्याची ताकद आपल्याकडे राहते.

ही ताकद गेली की काय होतं, ते याच मातीनं पाहिलं आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. ती आग पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, नगर या तालुक्यांत पसरली. लोकांना सावकाराचा जीव नको होता, कागद हवे होते. कागद हवाली केले की बहुतेक ठिकाणी जमाव निघून जाई. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण इथंच संपतं. पण मला त्यातला एक तपशील फार मोलाचा वाटतो. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं खताला तीन वर्षांची मुदत घातली होती. ऋणकोचा बचाव व्हावा हा हेतू. झालं उलटंच. मुदत संपत आली की सावकार मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून नवं खत लिहून घेई, आणि पुढचं व्याज त्या सगळ्या रकमेवर चालू होई. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढा भाव आला, तेव्हा सावकारानं हात सैल सोडला होता. १८६५ नंतर भाव कोसळले, त्यातच शेतसारा वाढला, आणि खतांवर खतं चढली.

आज कर्जाचा हप्ता तटला की 'टॉप-अप' करून देतो म्हणून फोन येतो. जुनं कर्ज त्यात वळतं होतं, वर थोडे पैसे हातात येतात आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून. आजची बँक आणि तेव्हाचा सावकार एक नव्हेत. दर ठरलेला असतो, कागद वाचता येतो, दाद मागायला जागा आहे. तरी देणं सरत नाही आणि फक्त नवं रूप घेतं, हा अनुभव तोच राहतो.

मग कर्ज वाईटच का? नगर जिल्ह्यात राहून असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये गाळप सुरू झालं. तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिला आणि त्याला संस्थांच्या कर्जाचीही जोड होती. कर्ज नसतं तर प्रवरेचं खोरं आजच्यासारखं दिसलं नसतं. पण तिथे जोखीम हजारो सभासदांत वाटली गेली होती. एका वर्षीचा दुष्काळ एका घरावर कोसळत नव्हता. एकट्या टर्नरनं, एकट्या दूधवाल्यानं, एकट्या गिरणीवाल्यानं घर तारण ठेवून काढलेलं कर्ज ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींना आपण 'भांडवल उभारणी' म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

जुन्या यंत्राच्या मर्यादा मला मान्य आहेत. मोटारगाड्यांच्या कंपन्यांना मायक्रॉनमध्ये अचूकता लागते, तिथे झिजलेला बेड कामाचा नाही. दुधाचा बल्क कूलर जुना घेताना आतली टाकी गंजलेली असेल किंवा कॉम्प्रेसर दमलेला असेल, तर एका उन्हाळ्यात सगळी बचत नासलेल्या दुधात जाते. पॉवर प्रेसचा गार्ड काढून टाकलेला असेल तर ते मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये. कामगाराच्या बोटांची किंमत देऊन कर्जमुक्त होण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. आणि ज्याला डायल धरता येत नाही, त्यानं ज्याला येतो त्याला बरोबर नेल्याशिवाय इसार देऊ नये.

रोखीचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. रोख म्हणजे उधारीशिवाय. पिशवीतून नोटा नेणं त्यात धरलेलं नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांनी स्वीकारायला २०१७ पासून मनाई आहे, आणि एका दिवसात एकाला १०,००० च्या वर नोटा देऊन यंत्र घेतलं तर त्या रकमेवर आयकरात घसारा मिळत नाही. पैसे बँकेतून द्यावेत, बिल घ्यावं. त्याहून महत्त्वाची खबरदारी म्हणजे ते यंत्र आधीच कुठे तारण आहे का ते पाहणं. ट्रॅक्टर घेताना आरसी बुकावर फायनान्सची नोंद दिसते, सातबाऱ्यावर बोजा दिसतो. लेथला ना सातबारा ना आरसी. म्हणून मूळ खरेदीचं बिल आणि बँकेचा ना-हरकत दाखला मागावा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर काढता पाय घ्यावा, मशीन कितीही चांगलं असलं तरी.

बचत कुठे ठेवायची हाही प्रश्न आहेच. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा या शहरातल्या किती तरी व्यापाऱ्यांची झोप उडाली. रोखीनं घ्यायचं तर आधी साठवावं लागतं, आणि साठवलेलं बुडू नये इतकी सुरक्षितता मागणं हा साठवणाऱ्याचा हक्क आहे. ठेवीवरचा विमा ५ लाखांपर्यंतच असतो, हे लक्षात ठेवून पैसे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले बरे.

सरकारी धोरणाबद्दल मला नाराजी आहे ती इथे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या काही घटकांना ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, आणि ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. कर्ज मंजूर झालं तर अनुदान. तीन वर्षं पैसे साठवून, बिनकर्जाचं लेथ आणून शेवगावात किंवा जामखेडला दोन मुलांना काम देणाऱ्यासाठी या योजनेत जागा नाही. त्यानं राष्ट्राचं भांडवल वाचवलं, भंगारात जाणारं बीड वाचवलं, बँकेचं थकीत खातं वाढवलं नाही, तरी कागदोपत्री तो कुठेच नाही. हे चूक आहे.

त्याला पैसे द्या असं माझं म्हणणं नाही. त्याला अडचण येते ती पारखीची, आणि ती सोडवायला फारसा खर्चही नाही. जिल्ह्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, तालुक्यांना आयटीआय आहेत. तिथे डायल आहेत, मायक्रोमीटर आहेत, शिकवणारे निदेशक आहेत आणि शिकायला आलेली मुलं आहेत. ठरावीक फी घेऊन जुन्या यंत्राची जागेवर जाऊन तपासणी करावी आणि बेडची झीज, रनआउट, टेपर यांचे आकडे लिहिलेला सहीशिक्क्याचा दाखला द्यावा. घेणाऱ्याची फसवणूक टळेल, प्रामाणिक विकणाऱ्याला भाव मिळेल आणि मुलांना पुस्तकाबाहेरचं मशीन हाताळायला मिळेल. जिल्हा उद्योग केंद्रानं आणि तंत्रनिकेतनानं एकत्र बसून हे सुरू करावं, एवढी माझी मागणी आहे.